सूर्य समोर बुडायचा

मंगळवार, ६ फेब्रुवारी

ताई,

पत्रास कारण की, या बेटावर साबणाला फेस येत नाही. ही बाब सर्वप्रथम मांडतो, कारण तिची दाद कुठेच लागणार नाही, आणि जिची दाद लागत नाही ती तक्रार सविस्तर करावी असा माझा नियम आहे. विहिरीचं पाणी मचूळ. साबण अंगावरून फिरतो, हजेरी लावतो आणि निघून जातो. अग्नीने तापावं, पाण्याने वाहावं, साबणाने फेसाळावं, हा ज्याचा त्याचा धर्म. इथल्या साबणाने स्वधर्म सोडून थेट संन्यास घेतला आहे. आज सकाळी इतका वेळ घासून मी न्हाणीघरातून निघालो तो आत गेलो होतो त्याहून चिकट. घरमालकीणबाईंच्या कानावर घातलं, तर म्हणाल्या, "मास्तर, एवढा समुद्र पडलाय दारात. एक बुडी मारा की. फेस तिकडे हवा तेवढा." इतकी वर्षं संस्कृत शिकवतोय, पण असं सुटसुटीत उत्तर एकाही विद्यार्थ्याने दिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. मोठ्या बाई, म्हणजे आपल्या मातोश्री, सुखरूप पोचल्या. मुख्याध्यापिकेचं पद सोडून वीस वर्षं झाली, पण बोटीत सगळे नीट बसल्याशिवाय त्यांनी बोट सुटू दिली नाही. एक दाढीवाला काठावर बसला होता, त्याला "पडलास तर तुझ्या आईला उत्तर कोण देणार?" असं विचारून आत घेतलं. दाढीवाला पन्नाशीचा असेल. मुकाट्याने आत आला.

किनारा तू फोटोत पाहिलास तसाच आहे, फोटोपेक्षाही गप्प. पांढरी वाळू, तिच्यावर पक्ष्यांच्या पावलांची बारीक नक्षी, माणसाचं पाऊल नाही. पाणी असं नितळ की गुडघाभर आत गेलं तरी पायाची नखं दिसतात आणि ती कापायला झाली आहेत हेही कळतं. दुकान नाही, छत्र्या-खुर्च्या नाहीत, मोठ्याने गाणी लावणारा कुणी नाही. माडांच्या मागे चार घरं, घरांच्या मागे टेकडी, संपलं बेट. फोनला रेंज नाही. बोट टपाल नेते-आणते, तेव्हा माझी पत्रं तुला सोसावी लागणार.

आईने उतरल्या उतरल्या चपला हातात घेतल्या आणि उभी राहिली. बराच वेळ. मी मागे खिसेकापूसारखा. मग म्हणाली, "हाच. इथेच बसायचो आम्ही." आणि पाठ सुरू झाला: "तुझे बाबा वायरलेसची खोली बंद करून यायचे. पाण्यात पाय सोडून बसायचो. सूर्य समोर बुडायचा, अगदी समोर, बोट दाखवावं तिथे. पूर्ण बुडेपर्यंत मी यांना उठू द्यायची नाही." काना-मात्रेचा फरक नाही. काल काय जेवली ते आठवत नाही, बाबा गेले ते आठवत नाही, चहा अजून दोन कपांत ओतते. पण ही चार वाक्यं जागची हलत नाहीत.

तेव्हा आपली लबाडी पचली. तिच्या खऱ्या बेटावर आता बंदर आहे आणि तो किनारा काँक्रीटखाली गेला, हे फक्त तुला-मला माहीत, ते तसंच राहू दे. वाळू ती वाळू. आज आभाळ भरून आलं होतं म्हणून सूर्यास्ताचा कार्यक्रम रहित. "उद्या दाखवते तुला," असं बजावून ती झोपली आहे.

तुझा,
पंडित

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

पंडित,

तुझं पत्र दुकानात उघडलं. समोर गिऱ्हाईक चष्म्याचा नंबर काढायला तक्त्यावरची अक्षरं वाचत होतं आणि मी हसत होते. त्याला वाटलं तोच चुकतोय. बिचारा दोनदा पहिल्यापासून वाचून गेला.

साबणावर एवढं मोठं भाष्य आणि आईवर दोन ओळी! पण "हाच" म्हणाली हे वाचलं आणि मी आत जाऊन बसले थोडा वेळ. किती महिने रोज संध्याकाळी पिशवी भरून दाराशी बसत होती रे. "मला माझ्या किनाऱ्यावर ने." मी आधी समजावायचे, मग ओरडायचे, मग पिशवी रिकामी करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी. तू महिन्यातून एकदा यायचास, सुभाषितं ऐकवायचास आणि जायचास. जाऊ दे, भांडत नाहीये. तुझं पत्र वाचून हे म्हणाले, "आता तरी झोप." खरंच झोपले.

सकाळची गोळी खाण्याआधी, रात्रीची खाल्ल्यावर. उलट करू नकोस. आणि हात जोडून सांगते, तिला दुरुस्त करत बसू नकोस. वार चुकला, चुकू दे. तुला मुलांच्या वह्या तपासायची सवय आहे, तिची वही बंद झाली आहे.

सूर्यास्ताचं मात्र सविस्तर लिही. फोटो मी निवडला होता, तेवढं श्रेय माझं.

ताई

सोमवार, १२ फेब्रुवारी

ताई,

सूर्य पूर्वेला उगवतो. हे ज्ञान मला या वयात नव्याने झालं आहे. या किनाऱ्याचं तोंड पूर्वेला आहे. तू निवडलेल्या फोटोतला पाण्यावरचा लाल गोळा उगवतीचा होता. फोटोत सूर्य चढतोय की उतरतोय ते कळायला मार्ग नाही, आणि आपल्याला विचारावंसं वाटलं नाही. तू लोकांच्या डोळ्यांवर पोट भरतेस, मी भिंग घेऊन जुन्या पोथ्या लावतो, आणि दोघांना मिळून एवढं दिसलं नाही. आईची ती चार वाक्यं आपण शंभरदा ऐकली. त्यातलं एक सबंध वाक्य सूर्याचं आहे.

बुधवारी आभाळ स्वच्छ होतं. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो, मी बाबांच्या जागी. समोर समुद्र हळूहळू राखाडी होत गेला. उजेड मागून येत होता. आमच्याच सावल्या पाण्यात लांब पडल्या होत्या.

"पंडित, सूर्य कुठे ठेवलास?"

"ढगात असेल, आई."

"आभाळ धुतल्यासारखं आहे. थापा मारू नकोस."

मग तिने मागे वळून पाहिलं. टेकडीच्या वर, माडांमधून तो चालला होता. आई आधी हसली. "हा बघ, उशीर झालेल्या कार्ट्यासारखा मागच्या दाराने सटकतोय." मीही हसलो. वाटलं, निभावलं.

गुरुवारी ती पुन्हा बसली, पुन्हा मागे वळून पाहिलं. हसली नाही. शुक्रवारी मला घेऊन टेकडीच्या पलीकडे गेली. तिकडे नुसता चिखल आणि त्यात उभी खारफुटी, बसायला कोरडी जागा नाही. परतताना घरमालकीण भेटल्या. आईने त्यांना विचारलं, "तुमच्याकडे सूर्य रोज इकडेच मावळतो?"

"मी जन्मल्यापासून तरी इकडेच, बाई."

"आणि त्याआधी?"

त्यांना वाटलं थट्टा आहे. आई थट्टा करत नव्हती.

तेव्हापासून पाठ अडायला लागला आहे. काल सुरू केला, "पाण्यात पाय सोडून बसायचो," आणि पुढे "सूर्य..." म्हणून थांबली. माझ्याकडे बघत राहिली. फळ्यापुढे उभं राहून कविता विसरलेलं पोर जसं बाईंकडे बघतं ना, तसं. मी पुढचा शब्द देऊ शकलो असतो. कोणता देऊ?

तिला खरं सांगावं का? की हे ते बेट नाही, तिचं काही चुकलेलं नाही, चूक आपली आहे? तू थोरली आहेस, तू सांग.

पंडित

गुरुवार, १५ फेब्रुवारी

पंडित,

हो, फोटो मी निवडला. तूही पाहिलास, चष्मा लावून पाहिलास, आणि तो चष्मा माझ्याच दुकानातला आहे. आता त्यावरून खल नको.

खरं अजिबात सांगायचं नाही. जरा डोकं चालव. आपण तिला फसवलं, हे ती संध्याकाळपर्यंत विसरेल. पण तिचा किनारा नाहीसा झाला हे तिला रोज नव्याने ऐकावं लागेल, बाबांचं ऐकते तसं. "हे कधी येणार?" "आई, बाबा गेले." "कधी? मला का नाही सांगितलं?" हे रोज माझ्या घरात झालंय, तुझ्या नाही. मी बाबांना रोज मारलं आणि तिने रोज रडून घेतलं. आणखी एक मयत तिच्या गळ्यात नको.

माझ्या डोक्यात एक आलंय. हसू नकोस. तिला दिवस-रात्रीचा पत्ता कुठे असतो? घरी दुपारी उठून "सकाळचं दूध आलं का?" विचारायची. मग तिला तिन्हीसांजेलाच जेवू घालून निजव. पहाटे अंधारात उठव, हातात चहा दे आणि म्हण, चल, संध्याकाळ झाली. पाण्यावर लाल गोळा दिसला, तिचं समाधान झालं की लगेच घरात आण. वर चढायच्या आत. दोन-चार मिनिटांचा खेळ आहे. एकदा तिच्या मनासारखं दिसलं की पाठ पुन्हा सुरळीत होईल.

तुझ्या पोथ्यांत एका म्हातारीला खूश करायची युक्ती असेल तर तीच कर. नसेल तर माझी कर.

ताई

मंगळवार, २० फेब्रुवारी

ताई,

तुझी युक्ती केली. दोष तुला देत नाही. वाचून मलाही ती पटली होती, आणि त्यातलं कर्तृत्व सगळं माझं.

रविवारी पहाटे तिला उठवलं. तिने केस विंचरले. "दिवसभर झोपले की काय मी?" म्हणाली. म्हटलं, "ऊन फार होतं, म्हणून उठवलं नाही." चहा घेतला. दाराशी घरमालकीण पाणी भरत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, आईंना एवढ्या पहाटे..." मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी कळशी खाली ठेवली आणि आमच्याकडे बघत राहिल्या.

आम्ही बसलो. आकाश समोर तांबडं झालं होतं. तिने माझा हात धरला. "बघ हं आता." मग पाण्याला लालभडक कड फुटली.

"बुडतोय," आई म्हणाली.

काय सांगू तुला, तेवढ्यापुरतं सगळं तिच्या गोष्टीतल्यासारखं होतं. तिचा चेहरा असा मी लहानपणीसुद्धा पाहिला नव्हता. आपण जन्मायच्या आधीचा चेहरा होता तो. पाण्यात पाय हलवत होती. मी मनात म्हटलं, आता उठायचं. ठरल्याप्रमाणे.

"चल, आई. गार वारा सुटलाय."

"थांब रे. पूर्ण बुडू दे."

हे आपल्या लक्षात यायला हवं होतं. पूर्ण बुडेपर्यंत ती बाबांनाही उठू देत नसे, मग मला कशी देईल? मी हात ओढला, तिने हिसका दिला. तोपर्यंत अर्धा गोळा वर आला होता. मग सगळा. मग त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये फट पडली.

"पंडित, हा वर का चाललाय?"

प्रत्येक अपवादाला माझ्याकडे एक सूत्र असतं असं तू चिडवतेस. काही नव्हतं. मी म्हणालो, "येईल खाली. थांब." एवढं नीच वाक्य मी आयुष्यात बोललो नाही, कारण ती खरंच थांबली. मुलाने सांगितलं म्हणून थांबली. सूर्य वर गेला, वाळू तापली, कोंबड्या बाहेर आल्या, माणसं होड्या ढकलू लागली, आणि ती डोळ्यांवर हात धरून तो खाली यायची वाट बघत बसली.

मग म्हणाली, "मग माझंच चुकत असेल."

रागाने नाही, हळूच. तू आठवून बघ, हे वाक्य आपण तिच्या तोंडून कधी ऐकलंय का? शिक्षणाधिकाऱ्यांना दाराबाहेर उभं करणारी बाई ती. देवाने साक्ष दिली असती तरी त्याची उलटतपासणी घेतली असती.

घरी येऊन तिने चहा ओतायला घेतला. एक कप भरला आणि किटली हातात धरून मला विचारलं, "अजून एक ओतायचा असतो का?"

पंडित

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

पंडित,

सांग तिला. सगळं सांग. मी नको म्हटलं होतं ते चुकलं. माझं नाव पुढे कर. फोटो माझा, पहाटेची अक्कल माझी. बंदराचं सांग, काँक्रीटचं सांग, रडली तर रडू दे. किनारा गेला म्हणून रडेल, पण तो होता आणि सूर्य समोरच बुडायचा, एवढं तरी तिचं तिला परत मिळेल.

मला शिव्या द्यायला सांग. एक जरी दिली तरी लगेच कळव. आणि मिळेल त्या बोटीने निघा. मी धक्क्यावर येते, दुकान हे बघतील.

ताई

मंगळवार, २७ फेब्रुवारी

ताई,

सांगितलं. काल दुपारी, किनाऱ्यावरच. काठीने वाळूत नकाशा काढला. हे बेट, ते बेट, मध्ये पाणी. म्हटलं, "आई, तुझा किनारा हा नाही. तो पश्चिमेकडे तोंड करून होता. तिथे सूर्य समोर बुडायचा, तू म्हणतेस तसाच. तिथे आता बंदर झालंय, म्हणून मी आणि ताईने तुला खोटं सांगून इथे आणलं. त्या दिवशी तुला जी संध्याकाळ दाखवली ती सकाळ होती. तुझं काहीही चुकलेलं नाही."

तिने सगळं ऐकून घेतलं. गृहपाठ न आणलेल्या मुलाची सबब ऐकायची तसं, मान किंचित तिरकी करून. माझ्या मनात आशा आली, आता कान धरते. तिने माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, "किती चांगले आहात हो. माझ्या मनाला लागू नये म्हणून एवढी मोठी गोष्ट रचलीत."

मी घरमालकिणींना साक्षीला बोलावलं. त्या म्हणाल्या, "खरंच, बाई. ते बेट पलीकडचं, क्रेन लागल्यात तिथलं. माझा थोरला तिथेच कामाला आहे." आई त्यांनाही म्हणाली, "असेल. तुम्ही सगळे म्हणताय तर असेल."

आणि हे 'असेल' आता सगळ्यालाच आहे. गोळी दिली, घेते. बस म्हटलं, बसते. पिशवी भरत नाही, कुठे ने म्हणत नाही. घरमालकीण कौतुकाने म्हणाल्या, "आई आता किती शांत झाल्या!" संध्याकाळी मी न राहवून तिच्यापुढे पाढा म्हटला, मुद्दाम चुकवून. सात साती सत्तेचाळीस. जिने सबंध गावाच्या पोरांना गणित शिकवलं तिच्यापुढे. पट्टी नको, निदान एक भुवई वर जाईल म्हणून वाट पाहिली. म्हणाली, "असेल."

तुला हवी होती ती शिवी मिळाली नाही. मी मागून पाहिली, मिळाली नाही.

उद्याच्या बोटीने निघतो. किनारा अजून तसाच सुंदर आहे, त्याला काय झालंय. आज पहाटे ती झोपेत असताना एकटाच जाऊन बसलो. पाणी पायाशी येऊन जात होतं आणि लांबपर्यंत माणूस नव्हता. पैसे देऊन लोक अशी जागा शोधत असतील.

परत आलो तर ती जागी होती, खाटेच्या कडेला. मी समोर बसलो. तू दुरुस्त करू नकोस म्हणतेस, विचारू नकोस असं म्हणाली नव्हतीस, म्हणून विचारलं, "आई, मी कोण?"

ती बघत राहिली. तिचे ओठ हलले. चेहऱ्यावर काहीतरी वर आलं, मी ते पाहिलं, माझा भास नव्हता. अगदी जिभेवर आलं होतं. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, आपण चुकतोय का हे ताडायला बघतात तसं, आणि म्हणाली, "तुम्हीच सांगा ना."

मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

घरमालकीण म्हणतात, विसरल्या, व्हायचंच हे. तुझे डॉक्टरही तेच म्हणतील, आणि विसरली असती तर मी ते सहन केलं असतं, त्याची तयारी आपण कधीपासून करतोय. मला भीती दुसरीच वाटते, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू? मला वाटतं ती मला ओळखते, पण तसं म्हणायची आता तिची हिंमत होत नाही.

पंडित